पोरं तेव्हाही तशीच होती!

संपादक साहेब, "हल्लीची कॉलेजची पोरं बिघडली" हा लेख वाचला आणि खरं सांगू का, हसूच आलं, कारण हे रडगाणं पॅरिसमध्ये पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच चित्रांतून गाऊन झालंय. 1835 मध्ये फ्रान्समध्ये राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसला, राजाची टिंगल करायची सोय उरली नाही, मग 'शारिवारी' या पेपरातले चित्रकार वळले रोजच्या जगण्याकडे. त्यातल्या गावार्नीने पॅरिसच्या विद्यार्थ्यांवर अख्खी मालिकाच काढली, दगडावर काढून छापलेली चित्रं, खाली दोन-चार ओळींचा खुसखुशीत संवाद. त्यातला पोरगा शिकायला आलाय कायदा नाहीतर डॉक्टरकी पण तोंडात पाइप, खिसा रिकामा, सगळा जीव मैत्रिणीत आणि कार्निव्हलच्या नाचात. वर गंमत म्हणजे गावार्नी त्यांना झोडपत नाही, त्याचा जीवच आहे त्यांच्यावर (आपल्या लेखकमहाशयांचं तसं दिसत नाही). लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकानेही 1841 मध्ये स्वतःला 'लंडन शारिवारी' म्हणवून घेतलं आणि तीच हवा पुढे 1854 मध्ये 'पारसी पंच'मधून मुंबईत आली. तेव्हा पुढच्या वेळी उपदेशाऐवजी पोरांवर एखादं झकास व्यंगचित्रच छापा ना राव!

— एक वाचक, पुणे