थांबायला दिवस

पुणे, नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बाई, भेटते ते घेऊन टाक. जास्त ताणशीन तं तुटन." तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

नव्या कंपनीने वर्षाला चौदा लाख पगार सांगितला होता. पण त्यातले दीड लाख 'व्हेरिएबल', म्हणजे वर्ष सरल्यावर काम पाहून द्यायचे, नाही तर नाही. कंपनी माझ्या पीएफमध्ये मूळ पगाराच्या १२ टक्के भरते, तेही त्यातच धरलेले. ग्रॅच्युइटीही त्यातच. हिंगणघाटच्या बाजारातून आल्यावर बाबा जशी पट्टी वाचतात, हमाली-तोलाई जाऊन खाली काय उरलं ते, तसाच मी तो कागद वाचला.

कॉलेजातून पहिली नोकरी लागली तेव्हा सगळ्यांना एकच आकडा होता, साडेतीन लाख. त्याचं मला वाईट वाटलं नाही. सगळ्यांना सारखा आणि आधी सांगितलेला, हमीभावासारखाच. वाईट वाटलं ते दुसऱ्या नोकरीत. "पगार ठरलेला आहे" असं मला सांगितलं आणि मी हो म्हटलं. वर्षभराने कळलं, माझ्याच टीममधल्या, माझ्याइतक्याच अनुभवाच्या मुलाला तीन लाख जास्त आहेत. त्याने मागितले होते.

तेव्हा मला आपलं अंगण आठवलं. खेडा खरेदीवाला काटा घेऊन यायचा, भाव सांगायचा आणि बाबा मान हलवायचे. लहानपणी मला त्या मानेचा राग यायचा. आईने बोटं सोलवटून वेचलेला कापूस, आणि त्याचा भाव सांगणार दुसराच! आता कळतं बाबा, तुम्ही भित्रे नव्हता. कृषी केंद्राची उधारी होती, माझी फी होती, तुमच्यापाशी थांबायला दिवस नव्हते.

यावेळी माझ्यापाशी होते. हातात नोकरी, दुसऱ्या कंपनीचं पत्रही आलेलं. म्हणून मी नम्रपणे लिहिलं की व्हेरिएबल सोडून सोळा द्या. चार दिवस उत्तर नाही. झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी साडेपंधरा पक्के झाले. आई, एकदा नीट विचारलं म्हणून ऑफर मागे घेतलेली मी तरी पाहिली नाही.

आता कापसाचं. सरकारी कापूस खरेदीच्या 'कपास किसान' ॲपवर बाबांची नोंदणी मी इथून केली आहे. लांब धाग्याला यंदा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, घेत नाही, म्हणून उन्हात चांगला वाळू द्या. कृषी केंद्राचे पैसे उद्या तुमच्या खात्यात टाकते, ते आधी चुकते करा. आणि दारात कोणी काटा घेऊन आला तर बाबा, यंदा मान हलवू नका. सीसीआयच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबा.

दुसऱ्या वेचणीला बाया मिळाल्या का, ते आईने कळवावं.

तुमची लेक