आपल्या चर्चची विहीर पावसाआधी उकरूया

प्रिय बंधुभगिनींनो,

उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात इसहाक बापाच्या काळच्या, पलिष्ट्यांनी बुजवलेल्या विहिरी पुन्हा उकरतो आणि त्यांना बापानेच दिलेली नावे ठेवतो. आपल्या आवारातली विहीर मात्र आपल्याच पालापाचोळ्याने आणि प्लॅस्टिकने भरली. इकडे इंदुरात नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर उपसून आणावे लागते, आणि आपल्या छतावरचे पाणी नालीत जाते.

छत पत्र्याचे, 200 चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाचे 200 लिटर होतात. वर्षाचा पाऊस 900 मिलिमीटर धरला आणि वाया जाणारे वजा केले, तरी सव्वा लाख लिटरच्या वर पाणी विहिरीत सोडता येईल. नुसता शोषखड्डा इथे चालत नाही. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. विहीर मात्र या मातीखालच्या मुरमापर्यंत थेट गेलेली आहे, म्हणून तिच्यात सोडलेले पाणी जमिनीत मुरते.

गाळ काढताना डिझेल पंप विहिरीत उतरवायचा नाही, काठावरही नको. त्याचा धूर तळाशी साचून माणूस दगावतो. विजेचा पंपच लावू. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीतच.

पन्हाळीचे पाणी 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपने दीड मीटर लांब-रुंद गाळणीच्या टाकीत येईल. तिच्यात तळाला 40 मिलिमीटरची गिट्टी, तिच्यावर 20ची, वर जाळी आणि जाड रेती. प्रत्येक थर एक फुटाचा. गिट्टी धुऊनच घालायची, नाहीतर खाणीची भुकटी पहिल्याच पावसात विहिरीत उतरते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह लागेल, कारण पत्र्यावर कबुतरांची विष्ठा असते. अंगणातले पाणी या टाकीत कधीही वळवू नये.

बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था दुसऱ्या वर्षी बंद पडते. रेतीवर बारीक गाळाची साय धरते, पाणी टाकीवरून वाहून जाते आणि कोणी पाहत नाही. म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वरची दोन इंच रेती काढून धुवायला चार तरुणांची नावे आम्हाला पैशांपेक्षा आधी हवीत.

साहित्यात दोन्ही आकारांची गिट्टी आणि रेती प्रत्येकी 25 घनफूट, 30 मीटर पाइप, दोन व्हॉल्व्ह, विटा आणि सिमेंट लागेल. वस्तूही चालतील, ज्यांच्या घरी बांधकामाची गिट्टी उरली आहे त्यांनी जरूर कळवावे. रोख दानाची पावती रविवारच्या उपासनेनंतर कार्यालयात मिळेल. पाऊस जूनच्या मध्यावर येतो, तेव्हा गाळ मे अखेरपर्यंत निघायला हवा.

आपली,
चर्चची पर्यावरण समिती, इंदूर