शिबिरात एक खुर्चीही ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात ज्येष्ठांच्या आरोग्य शिबिरांच्या बातम्या नेहमी येतात. रक्तदाब, साखर, डोळे, झालंच तर हाडांची तपासणी. पण खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, हे तिथे कोणी बघत नाही. आमच्या घरी जे घडलं त्यावरून हे पत्र लिहितो आहे.

माझी आई ७४ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे नऊ दिवस रुग्णालयात होती. घरी आल्यावर आम्ही तिला तीन आठवडे जागचं हलू दिलं नाही. "तू पडून राहा, आम्ही आहोत ना." ताट पलंगावर, पाण्याचा पेला हातात. पचायला हलकं म्हणून मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, चहाबरोबर बिस्किटं. ताप गेला, खोकला गेला, आणि त्यांच्याबरोबर पायातली ताकदही गेली. कमोडवरून उठायला तिला माझा खांदा लागायचा. हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या. येणारे-जाणारे म्हणत, "वय झालं, आता असंच चालायचं." आम्हालाही ते पटलं होतं. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्यांच्या वेळा होत्या. व्यायामाबद्दल आणि प्रथिनांबद्दल एक ओळही नव्हती.

पुढे एक फिजिओथेरपिस्ट ताई भेटल्या, तेव्हा कळलं की याला 'सार्कोपेनिया', म्हणजे वयाबरोबर होणारी स्नायूंची झीज, असं नाव आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो. अंथरुणाला खिळलं की तर फारच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस बिछान्यात ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने घटले. आणि आम्ही आईला महिनाभर झोपवून ठेवलं होतं, तेही मायेपोटी. त्यात आपल्याकडे बारीक अंगाच्या माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं सांगत आहेत. म्हणजे नुसत्या वजनकाट्यावर विसंबून चालत नाही.

ताईंनी खुर्चीवर घडी घातलेली गोधडी ठेवली, बैठक उंच केली आणि आईला हात छातीशी घेऊन उठायला सांगितलं. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. आठवड्याभराने दोनदा जमलं. मग गोधडीची एकेक घडी कमी केली. ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याच्या लिटरभर बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली करणं, दिवसाआड एवढंच. जेवणही बदललं. आईचं वजन ५५ किलो. ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे तिला रोज ५५ ते ६६ ग्रॅम हवीत. आम्ही हिशेब मांडला तर जेमतेम तीस भरत होती. आता सकाळी दोन अंडी, दुपारी घट्ट वरण किंवा उसळ आणि दही, संध्याकाळी बिस्किटांऐवजी फुटाणे-शेंगदाणे, रात्री पिठलं किंवा पनीर. उपासाला साबुदाणा एकटा नाही, सोबत दूध आणि दाणे. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करावं.)

चार महिन्यांनी आई पाच वेळा उठली-बसली, १४ सेकंदांत. आशियाई तज्ज्ञांच्या निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पुढची तपासणी हवी, म्हणजे अजून थोडं बाकी आहे. पण परवा तिने कुकरचं झाकण स्वतः उघडलं आणि मला हाक मारून दाखवलं.

आता या वयात काय होणार, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती.

बागेत सकाळी चालणाऱ्या आजी-आजोबांचं मला कौतुकच आहे, पण नुसत्या चालण्याने ही झीज थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. शिबिरं घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, रक्तदाबाच्या टेबलाशेजारी एक भक्कम खुर्ची आणि सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवा. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या शिबिरात त्या टेबलावर दिवसभर बसायला मी तयार आहे. आईनेही यायचं कबूल केलं आहे.

आपला,
एक वाचक, सांगली