एक मिलिमीटरच्या त्या होलसाठी, काका, तुमचे मनापासून आभार

आदरणीय काका,

नोझल मशीनवर बसलं. तेलाची धार अगदी सरळ पडतेय. तुम्हाला फोनवर हे सांगताना गळा भरून आला, नीट बोलताच आलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

नोझलच्या पोलादात 1 मिमीचं होल, 30 मिमी खोल. व्यासाच्या तीसपट! ज्यांनी लेथ चालवली आहे त्यांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको. तुमच्याकडे येण्याआधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांतल्या एकाने ड्रॉइंग बघून हसत परत दिलं. दुसऱ्याने काम घेतलं, दोन्ही बाजूंनी होल मारलं आणि मधे ते जुळलंच नाही. वर खापर फोडलं मटेरियलवर. काम जमलं नाही याचा राग नाही, अवघडच आहे ते. पण पट्टी लावून चूक स्पष्ट दिसत असताना माणूस डोळ्यात डोळे घालून ‘तुमचं स्टीलच खराब’ म्हणतो, ते अजून मनातून जात नाही.

तुम्ही आधी जॉब, म्हणजे होल मारायचा तुकडा, हातात घेऊन फिरवून पाहिलात, मग टेलस्टॉक, म्हणजे लेथचा ड्रिल धरणारा मागचा भाग, सेंटरला आहे का ते तपासलंत. सुरुवात आखूड ड्रिलने, म्हणजे ते वाकत नाही आणि पुढच्या लांब ड्रिलला वाट सरळ मिळते. आणि मग तुम्ही टेलस्टॉकच्या चाकाला हातच लावला नाहीत. त्या जड चाकावर 1 मिमीच्या ड्रिलचा दाब कळत नाही. कळतं ते मोडल्यावर. तुम्ही स्वतः बनवलेला सरकता दांडा टेलस्टॉकमध्ये बसवलात, पुढे ड्रिल पकडायला छोटा चक, आणि फीड, म्हणजे ड्रिल आत ढकलणं, फक्त दोन बोटांनी. एवढ्या बारीक ड्रिलला मिनिटाला 6000च्या आसपास फेरे हवेत, आपली लेथ 1500वर थांबते. म्हणून दाब इतका हलका की बघणाऱ्याला वाटावं, काही चाललंच नाहीये. आणि तरी ड्रिल नुसतं घासता कामा नये, ते कापतच राहिलं पाहिजे.

पण काका, माझ्या मनात घर करून बसलंय ते शेवटच्या काही मिलिमीटरचं. तुम्ही बाजूला सरकलात आणि म्हणालात, “आता तू मार.” तेवढ्या खोलीत ड्रिल मोडलं तर तुकडा स्पार्क मशीनशिवाय (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशीन) निघत नाही, बहुतेक वेळा जॉबच भंगारात जातो. मी मागे सरलो. तुम्ही माझी बोटं दांड्यावर ठेवलीत. “मोडलं तर मोडलं. दोघं मिळून दुसरा जॉब टर्न करू.”

ड्रिलच्या खाचांत बर, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, साचायला लागला की दांडा बोटांत किंचित करकरतो, आणि नेमकं तेव्हाच आणखी दाबावंसं वाटतं. तीच मागे घ्यायची वेळ. बाहेर, ब्रशने झटका, तेल, परत आत. पाव मिमी, पुन्हा बाहेर. ड्रिल आरपार निघताना दाब एकदम सुटतो आणि ते पुढे खेचलं जातं. त्या क्षणी माझ्या मनगटाखाली तुमचा तळहात होता. धरला नव्हतात, फक्त ठेवला होता. हात पुढे गेला नाही, ड्रिल शाबूत बाहेर आलं.

कितीतरी हुशार कारागीर पाहिलेत जे असं काही करताना पाठ फिरवून उभे राहतात, कोणी शिकू नये म्हणून. तुम्ही आयुष्यभर कमावलेली बोटांची जाण एका अनोळखी माणसाच्या हातात ठेवलीत, त्याच्या कामाची जोखीम स्वतःवर घेऊन, आणि वर पैशांचा विषयही काढू दिला नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून या धंद्यात राहावंसं वाटतं.

तुमच्या दांड्याचं माप घेतलं होतं, तसाच एक बनवतोय. सरकायला अजून थोडा घट्ट आहे, लॅपिंग, म्हणजे बारीक पेस्टने घासून गुळगुळीत करणं, बाकी आहे. झाला की घेऊन येतो, तुम्ही एकदा बोटांनी सरकवून बघा आणि कुठे अडतो ते सांगा.

तुमचा ऋणी,
नोझलवाला