लॅपटॉप आणि वायफाय : आई-बाबांना पत्र

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलताना बाबा दोनदा म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी चुकीचे दाबले गेले असणार." ते वाक्य मनात राहिले, म्हणून सवडीने हे पत्र लिहिते आहे. बाबा, तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून तरी तुमच्या हातून काही बिघडले आहे असे मला मुळीच वाटत नाही. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत चालतो, आतल्या खोलीत अडखळतो, आणि झाकण मिटून पुन्हा उघडले की वायफायला जोडूनच घेत नाही. चुकीचे बटण दाबल्यावर सहसा असे होत नाही; तेव्हा लॅपटॉप कुठेच जोडला गेला नसता.

सर्वप्रथम एक खात्री करून घ्यायची आहे. "फोनवर तर सगळे नीट चालते" असे तुम्ही म्हणालात, पण वायफाय कमजोर झाले की बरेच फोन मुकाट्याने मोबाइल डेटावर जातात आणि आपल्याला वाटते की घरातले इंटरनेट ठणठणीत आहे. म्हणून आतल्या खोलीत, लॅपटॉप जिथे ठेवता तिथेच बसून फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि पूर्वी कधीही न उघडलेले एखादे पान उघडून पाहा. ते झटकन उघडले तर राउटर आणि बाहेरून येणारी तार दोन्ही ठीक आहेत, दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे. फोनही अडखळला, तर लॅपटॉपला हात लावण्याची गरजच नाही. मग राउटर आणि खोली यांच्यामधल्या अंतराकडे पाहायचे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण नको तिथे दुरुस्ती करत बसण्यात आपले तास जातात आणि मग स्वतःलाच बोल लावला जातो.

आई, तू सहज एक गोष्ट सांगितलीस आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटली. तू म्हणालीस की मायक्रोवेव्ह चालू केला की बाबांचा व्हिडिओ थांबतो. हा योगायोग नाही. मायक्रोवेव्ह ज्या लहरींनी तापवतो त्या साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या असतात आणि वायफायचा जुना, लांब पोहोचणारा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे. दोन्ही जवळजवळ एकाच जागेत दाटीवाटीने वावरतात. मायक्रोवेव्हमधून बाहेर झिरपणाऱ्या लहरी फारच थोड्या असतात, तेव्हा त्यांची भीती बाळगू नकोस, पण वायफायचा संदेश त्याहूनही नाजूक असल्यामुळे तो गोंधळतो. याचा अर्थ लॅपटॉप त्या वेळी २.४च्या पट्ट्यावर असावा. तुमचा राउटर दोन नावे दाखवतो, त्यांपैकी ज्याच्या शेवटी '५जी' लिहिले आहे ते ५ गिगाहर्ट्झचे आहे. (मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही, नामसाधर्म्याने पुष्कळांची फसगत होते.) तो पट्टा वेगवान आहे आणि मायक्रोवेव्हला दाद देत नाही, पण भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतो. म्हणून बाहेरच्या खोलीत ५चे नाव निवडा, आतल्या खोलीत २.४चे, आणि कोणते कुठे बरे चालते ते दोन दिवस पाहा.

राउटर सध्या लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे, हे मला मागच्या भेटीतच खटकले होते. धातू या लहरी परतवून लावतो आणि मोठा आरसाही तेच करतो, कारण त्याच्या मागे धातूचा मुलामा असतो. तारेची लांबी पुरेल तितका राउटर कपाटापासून दूर, छातीइतक्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवा. माझ्या मते एवढ्यानेच आतल्या खोलीचा निम्मा त्रास जाईल.

आता झाकण मिटल्यानंतरची अडचण. लॅपटॉप झोपेत जाताना बॅटरी वाचवण्यासाठी आतल्या वायफाय कार्डाची वीज तोडतो आणि कधीकधी जाग आल्यावर ते कार्ड वेळेवर उठत नाही. अशा वेळी खालच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हावर जाऊन वायफाय बंद करा, सावकाश दहा आकडे मोजा आणि पुन्हा चालू करा. तिथेच शेजारी विमानाचे चिन्ह असते. ते चुकून चालू झालेले नाही ना, हेही पाहा. कायमचा उपाय 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये असतो. तिथे वायफाय कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची जी परवानगी दिलेली असते, तिची खूण काढायची. हा भाग प्रत्येक लॅपटॉपवर दिसत नाही, म्हणून तो आपण फोनवर बोलत मिळून करू.

लॅपटॉप पासवर्ड विचारून नाकारत राहिला तर वायफायच्या सेटिंग्जमध्ये त्या नावापुढे 'फर्गेट' करून नव्याने जोडा. बाबा, तुमच्या डायरीतल्या पासवर्डमधले चौथे अक्षर शून्य आहे, इंग्रजी 'ओ' नव्हे. तुमच्या सुवाच्य अक्षरातही ती दोन्ही सारखीच दिसतात. टाइप करताना शेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबून ठेवले की अक्षरे उघडी दिसतात, आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक तिथे मोजला जातो.

राउटर बंद करून चालू करणे हा जुनाच उपाय खरोखर उपयोगी आहे. मुख्य बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू केल्यावर दिवे स्थिर होईपर्यंत चार-पाच मिनिटे धीर धरा. मात्र राउटरच्या मागे टाचणीच्या टोकाएवढे जे भोक आहे त्यात काहीही घालू नका. त्याने सगळी मांडणी पुसली जाते आणि कनेक्शन देणाऱ्यांना ती पुन्हा भरून द्यावी लागू शकते.

आणखी एक, हे कळकळीने सांगते. वायफाय दुरुस्त करून देतो असे सांगणारा अनोळखी फोन आला आणि त्याने एखादे अ‍ॅप टाकायला किंवा ओटीपी सांगायला सांगितले, तर काही न बोलता फोन ठेवून द्या. खरोखर तक्रार करायची असेल तर बिलावर छापलेल्या क्रमांकावर आपणच फोन करायचा.

एवढे करूनही लॅपटॉप "जोडले आहे, पण इंटरनेट नाही" असे म्हणाला, तर वायफायच्या नावाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' पाहा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही असे समजायचे. 'नेटवर्क रीसेट' मात्र माझ्याशिवाय करू नका, कारण त्यात वायफायचे साठवलेले सगळे पासवर्ड जातात.

रविवारी सकाळी मी फोन करीन. तोपर्यंत लॅपटॉप वायफायपासून केव्हा तुटला, कोणत्या खोलीत, कोणत्या नावावर होता आणि तेव्हा मायक्रोवेव्ह चालू होता का, एवढे डायरीत टिपून ठेवा. टिपण्याचे काम आईने करावे, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

तुमची,
लेक