कपाटातलं झाड

प्रिय सुध्या,

'तू? झाड? अरे, तुझ्या हातून निवडुंग मेला होता!' असं म्हणून फोनवर तू जो हसलास तो अजून कानात आहे. निवडुंग मी पाणी घालघालून मारला, मान्य. या वेळीही पहिले तीन आठवडे तोच उद्योग चालला होता. पण हे गांजाचं झाड मेलं नाही, आणि त्याची सगळी हकीकत तुला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधीच सांगून ठेवतो. इथे प्रौढ माणसाला घरापुरती मोजकी झाडं लावायची कायद्याने मुभा आहे, तुझ्याकडे नाही. तेव्हा पत्र वाचून उत्साहाने काही पेरायला जाऊ नकोस. नुसतं वाच.

जात निवडताना अडचण होती ती उंचीची. माझ्या लोखंडी कपाटाची आतली उंची १६० सेंटिमीटर. वर दिवा टांगायचा, खाली कुंडी, मग झाडाला उरतं काय? आणि मला हवी होती सॅटायव्हाकडे झुकणारी जात. अस्सल सॅटायव्हा म्हणजे विषुववृत्ताजवळची झाडं. तिथे वर्षभर दिवस-रात्र जवळपास सारखीच, थंडीची भीती नाही, म्हणून त्यांना फुलायची घाईच नसते. तीन-चार मीटर वाढतात, आणि फुलोऱ्यालाच बारा-चौदा आठवडे घेतात. उलट हिंदुकुशसारख्या डोंगराळ भागातल्या झाडांना (इंडिका म्हणतात ती) थंडी पडायच्या आत सगळं उरकायचं असतं, म्हणून ती बुटकी, रुंद पानांची, झटपट पिकणारी. या दोन्हींचा संकर करत करत बुटक्या सॅटायव्हा निघाल्या. माझ्या झाडाची पानं बोटांसारखी निमुळती, पण पेरं इतकी जवळजवळ, की सुरुवातीला वाटलं हे खुरटलंय.

खुरटलं नव्हतं, बुडत होतं. पानं मलूल झाली की मी पाणी घालायचो, पाण्याने ती आणखी मलूल व्हायची. शेवटी कुंडी उचलून पाहिली तर दगडासारखी जड! मुळांना हवाच मिळत नव्हती. मग एक सवय लावून घेतली: कुंडी उचलायची, हलकी लागली तरच पाणी. साधी युक्ती आहे, निवडुंगाच्या वेळी सुचायला हवी होती.

सहाव्या पेराच्या वर शेंडा खुडला त्या दिवशी कात्री हातात धरून पंधरा मिनिटं नुसता उभा होतो. शेंड्यात जे ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं ते बाजूच्या फांद्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की त्या मोकळ्या सुटतात. आठवडाभरात झाड वर जायचं सोडून आडवं पसरलं. मग फांद्या दोरीने हळूच बाहेर ओढून बांधल्या. सगळ्यांना उजेड सारखा.

खरी गंमत रात्रीची. हे झाड दिवस मोजत नाही, अंधार मोजतं. अठरा तास उजेड होता तोवर नुसती पानं; बारा तास सलग अंधार द्यायला लागलो आणि दहा-बारा दिवसांत पांढरे केसर दिसले. पण त्या काळात ते जे वाढलं! ३८ सेंटिमीटरचं तीन आठवड्यांत ७४ झालं. बुटकी म्हणून घेतलेली जात, आणि मी रोज पट्टी घेऊन घाबराघुबरा. सॅटायव्हाचा अंश तिथे दिसतो बघ.

एक चूक झाली. कपाटाच्या दाराला फट होती आणि पॅसेजचा दिवा मी रात्री जाळत ठेवायचो. एके दिवशी मादी फुलांच्या मधून पिवळी, केळ्याच्या फण्यांसारखी इवली नरफुलं डोकावताना दिसली. अंधार मोडला की झाडावर ताण येतो आणि ते असं करतं. चिमट्याने वेचून काढली, फटीवर काळी पट्टी चिकटवली. तरी शेवटी सात-आठ बिया भरल्याच.

वासाचं काय सांगू! आधी लिंबाची साल, मग पाइनचं लाकूड, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत असा दर्प, की कोळशाचा फिल्टर बसवावा लागला. लिमोनीन, पायनीन ही टर्पिनं, म्हणजे वासाची द्रव्यं, लिंबात आणि पाइनमध्येही असतात, त्यामुळे नाक फसत नव्हतं.

काढणी कधी करायची हे भिंगाने ठरतं. राळेच्या ग्रंथी आधी काचेसारख्या स्वच्छ असतात, मग दुधाळ होतात, मग एकेक मधाच्या रंगाची. बहुतेक दुधाळ झाल्यावर कापलं, फुलोऱ्याच्या अकराव्या आठवड्यात. मग अंधाऱ्या खोलीत उलटं टांगून बारा दिवस सुकवलं. काडी वाकायच्या ऐवजी कट्‌कन मोडली, तेव्हा बरणीत भरलं. ओल्याच्या चौथाई वजनही उरलं नाही. पुढचे काही आठवडे बरण्या उघडून हवा द्यायची. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारा मी, पाच महिने एका झाडामागे!

आता तुझा खरा प्रश्न: चढते कशी? पहिल्यांदा एकच झुरका घेतला आणि वीस मिनिटं वाट पाहिली. डोकं जड झालं नाही. जुनं गाणं लावलं, तर त्यातला तबला पहिल्यांदा वेगळा ऐकू आला. मग टेबलाचा खण आवरला आणि त्यात सापडलेलं तुझं वीस वर्षांपूर्वीचं पत्र तीनदा वाचलं. (त्यातही तू पैसे मागितले होतेस.)

दुसऱ्यांदा शहाणपणा केला. 'सॅटायव्हा म्हणजे हलकी, दिवसाची' असं बियांच्या पाकिटावर छापलेलं, म्हणून तिप्पट घेतली. छाती धडधडायला लागली, दार बंद केलं की नाही हे चारदा पाहून आलो, दोन तास घड्याळाकडे बघत बसलो. नंतर वाचायला घेतलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये सॅटायव्हा हे नाव दिलं, त्याचा अर्थ फक्त 'लागवडीचं'. लामार्क या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या झाडांना इंडिका म्हटलं. ही नावं मुळात झाडांची, चढण्याच्या प्रकारांची नाहीत! किती टीएचसी (यातला नशा आणणारा पदार्थ), कुणाच्या अंगात आणि कुठल्या मनःस्थितीत, यावर सगळं अवलंबून. त्या टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. पुढे १९९२ मध्ये मेंदूतच तयार होणारा, टीएचसी मेंदूतल्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं त्याच कुलपात बसणारा पदार्थ सापडला, तेव्हा मेशुलाम यांच्या चमूने त्याला नाव दिलं आनंदामाइड. संस्कृत 'आनंद'वरून! संस्कृतात नापास झालेल्या तुला हे मुद्दाम कळवतोय.

खाण्याच्या वाटेला मी गेलोच नाही. पोटातून चढायला दोन तासही लागतात, आणि माणूस 'काहीच होत नाहीये' म्हणून आणखी खातो. घेतलं त्या दिवशी गाडीला हात लावत नाही, बरण्या कुलपात असतात. आणि तू, कधी इकडे आलास तरी, यातलं काही मागू नकोस. तुझ्या काकांचं जे झालं ते मी जवळून पाहिलंय. घरात मानसिक आजार असला की हे झाड आगीशी खेळ ठरू शकतं. तुझ्यासाठी चहा ठेवीन, झाड दाखवीन, वास घे हवा तेवढा.

चुकून भरलेल्या त्या बियांतली एक परवा भिजत घातली होती. आज सकाळी मूळ फुटलंय, अर्धा सेंटिमीटर. कुंडी या वेळी लहान घेतलीय. उत्तर लवकर लिही, आणि निवडुंगाचा विषय काढलास तर फोन ठेवीन.

तुझा,
पक्या