ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तो सांभाळायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात महागडे ट्यूब (म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे) गिटार अ‍ॅम्प्लिफायर बाळगणारे थोडे आहेत, पण जे आहेत ते वयाने दोन टोकांना आहेत. एकीकडे ऑर्केस्ट्रात आणि चर्चमध्ये वाजवत साठी ओलांडलेले, दुसरीकडे नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पैसे साठवून फेंडर, मार्शल किंवा व्हॉक्स घेणारे पंचविशी-तिशीतले. दोघांत वाद चालतो तो आवाजाचा. तो खुशाल चालू द्यावा. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे यंत्र उघडून सांभाळण्याची विद्या जुन्यांकडून नव्यांकडे पोहोचतच नाही.

आधी वादाविषयी थोडे. शंभर वॅटशिवाय गिटारला दम नाही, हे ज्येष्ठांचे मत पी.ए. (मंडपातले लाउडस्पीकर) कमजोर होते त्या काळातले आहे. वॅट निम्मे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला तो निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावा लागतो. म्हणजे शंभर आणि वीस वॅटमध्ये अंतर ७ डेसिबलचेच. आता प्रत्येक मंडपात अ‍ॅम्प्लिफायरसमोर माइक लागतो, तेव्हा दोन ६व्ही६ व्हॉल्व्हवरचा २२ वॅटचा फेंडर डीलक्स रिव्हर्ब पुरतो. फेंडरच्याच ट्विन रिव्हर्बसारखे तीस किलोच्या आसपासचे धूड साठीनंतर पाठीवर घेण्याचे काहीच कारण नाही.

कानांचा मुद्दा मात्र खरा आहे. गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसे काही देतच नाही, त्यामुळे वयोमानाने अगदी वरच्या पट्टीतले ऐकू येईनासे झाले तरी इथे बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे मोठ्या आवाजाशेजारी उभे राहिलेल्यांचे कान ४ किलोहर्ट्झच्या आसपास बोथट होतात, आणि नेमके तिथेच प्रेझेन्सचे (आवाजाची धार वाढवण्याचे) बटण काम करते. मग ते बटण वर जाते आणि समोरच्यांचे कान किटतात. त्यात असा स्पीकर तीव्र सूर सरळ रेषेत फेकतो; जवळ उभ्या असलेल्या वादकाच्या तो गुडघ्याशी लागतो. कॅबिनेट मागे कलते ठेवावे आणि तीन मीटरवर एखाद्या तरुणाला उभे करून त्याच्या सांगण्यावरून सेटिंग करावे.

आता मुख्य विषय. खान्देशात या यंत्राचे दोन शत्रू आहेत, व्होल्टेज आणि ऊन. संध्याकाळी दाबलेली लाइन रात्री भार उतरला की २५०-२६० पर्यंत चढते. २३० वर बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला २६० मिळाले की व्हॉल्व्हच्या हीटरला (आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ७.१ व्होल्ट जातात. मर्यादा दहा टक्क्यांची, म्हणजे सुमारे ६.९ पर्यंत. प्लेटचे (व्हॉल्व्हमधल्या उच्च व्होल्टेजच्या पत्र्याचे) ४५० व्होल्ट ५०० च्या पुढे सरकतात. पन्नास वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला एक केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर भरपूर होतो. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर लावू नये. ट्रान्सफॉर्मर तापतो आणि घरघर येते. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा नग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, पण फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. त्यावर हात ठेवून पाहत राहावे.

उन्हाचा फटका बसतो तो विजेचा पुरवठा सपाट करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक (फिल्टर) कपॅसिटरना. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे २५ अंशांच्या खोलीच्या तुलनेत मे महिन्यातल्या ४५ अंशांत ते एक चतुर्थांशावर येते. व्हॉल्व्हची स्वतःची उष्णता वेगळीच. मागे एक वीत जागा सोडावी, पॉवर व्हॉल्व्हच्या दिशेने छोटा पंखा लावावा. आवाज बारीक केला तरी १०० हर्ट्झची गुणगुण कायम राहत असेल, तर फिल्टर कपॅसिटर वाळले असा पहिला संशय घ्यावा. दहा-पंधरा वर्षांचा नग असेल तर ते सगळे एकदमच बदलावेत.

चुका दोन्ही पिढ्यांच्या आहेत, फक्त वेगळ्या. जुन्यांची सवय म्हणजे फ्यूज उडाला की त्यात तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालून कार्यक्रम पुरा करायचा. व्हॉल्व्ह शॉर्ट झाला तर अशा वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो. २३० व्होल्टला एक अँपिअरचा स्लो-ब्लो लिहिला असेल तर तोच घालावा, दोन नग डब्यात ठेवावेत. दुसरी सवय याहून घातक: हम (गुणगुण) जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणे. लग्नसराईत जनरेटरवर मंडप असतो, अर्थिंगचा पत्ता नसतो. गिटारच्या तारा एका अर्थवर आणि गाण्याचा माइक दुसऱ्या. ओठ माइकला लागले की झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. वाजवण्यापूर्वी माइकची जाळी आणि गिटारची तार यांमध्ये मल्टिमीटर एसीवर धरून पाहावा. काही व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरमनला बोलवावे, तोवर गिटार हातात घेऊ नये.

तरुणांची चूक मॉडेलरच्या (ट्यूबच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्राच्या) सवयीतून येते. ट्यूब हेडच्या (स्पीकर वेगळा असलेल्या यंत्राच्या) लाइन आउटमधून आवाज थेट लॅपटॉपला घेतात आणि स्पीकर जोडतच नाहीत. लाइन आउट म्हणजे लोड (स्पीकरसारखा वॅट झेलणारा भार) नव्हे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर लोड नसताना जोरात वाजवले तर प्राथमिक गुंडाळीत व्होल्टेज उसळते, सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा गुंडाळीच जाते. स्पीकर नको असेल तर त्याच ओहमचा, पुरेशा वॅटचा लोड बॉक्स स्पीकरच्या जॅकला लावावा. हेड आणि स्पीकर यांमध्ये गिटारची बारीक शील्डेड केबल वापरू नये, जाड दोन-तारी स्पीकर केबलच हवी.

शेवटी बायस, म्हणजे सूर नसताना पॉवर व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा ते ठरवणे. फिक्स्ड बायसच्या (वेगळ्या ऋण व्होल्टेजने हा प्रवाह ठरवणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नवे पॉवर व्हॉल्व्ह नुसते खोचून चालत नाही. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची प्लेट मर्यादा २५ वॅट. तिचे सत्तर टक्के १७.५ वॅट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर एका व्हॉल्व्हला साधारण ३९ मिलिअँपिअर. व्हॉल्व्हचे ऋण टोक (कॅथोड) आणि ग्राउंड यांमध्ये एक ओहमचा रेझिस्टर बसवला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर, हिशेब सोपा होतो. प्लेट लाल दिसली आणि नवा व्हॉल्व्ह घालूनही पुन्हा लाल झाली, तर दोष व्हॉल्व्हचा नाही. आधी ग्रिडवरचे (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवरचे) ऋण व्होल्टेज आहे का ते पाहावे, मग बायसचा कपॅसिटर, मग ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर गळतो का ते. हे जुना रेडिओ मेकॅनिक काही मिनिटांत सांगतो. नवशिक्याने मात्र आधी प्लग काढून, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने लावून कपॅसिटर रिकामे करावेत आणि १० व्होल्टच्या खाली आल्याचे मीटरवर पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. बंद अ‍ॅम्प्लिफायरमधले चारशे व्होल्टही माणूस मारतात.

टॉकीजचे साउंड, व्हॉल्व्हचे रेडिओ, माइक-भोंग्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेले कारागीर आपल्या तालुक्यांत अजून आहेत, पण ते वृद्ध झाले आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार येथील आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी त्यांना मानधन देऊन दोन-दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, अशी विनंती आहे. लागणारे सामान थोडके आहे: व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर), साठ आणि शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बचा सिरीज बोर्ड (बिघाड असल्यास प्रवाह रोखणारा), दोन चांगले मल्टिमीटर, हीटसिंकवर बसवलेला ८ ओहम १०० वॅटचा डमी लोड आणि उघडून ठेवलेला एखादा जुना अ‍ॅम्प्लिफायर. आपल्या वृत्तपत्राने अशा कारागिरांना त्यांच्या संमतीने तालुकावार नावे कळवण्याचे आवाहन केले, तर संस्थांना शोधाशोध करावी लागणार नाही.

आपला,
एक वाचक, भुसावळ